लेबल मंजूर होते, तरी नोटीस का आली?

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सासरची द्राक्षबाग जुन्नर तालुक्यात असून धाकट्या दिरांनी तेथे लहानशी वायनरी काढली आहे. हिशेब आणि कागदपत्रे मी पाहते. २०२१ च्या हंगामापासून आमची वाइन बाजारात आहे. तिचे नाव मामंजींनी ठेवले : आधी गावच्या नदीचे नाव आणि पुढे ‘काठ’. लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाने मंजूर केलेले आहे. गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. त्यांच्या नोंदणीकृत नावाच्या शेवटीही ‘काठ’ आहे. सात दिवसांत नाव सोडा, माल नष्ट करा आणि २५ लाख रुपये भरपाई द्या, असे तीत म्हटले आहे. आमच्या मागच्या लेबलवरील ‘नाशिक व्हॅली’ आणि ‘शॅम्पेन पद्धतीने तयार’ या शब्दांवरही त्यांनी बोट ठेवले असून संबंधित खात्यांकडे तक्रार करण्याचा इशारा दिला आहे. दीर म्हणतात, सरकारने मंजूर केलेल्या लेबलातला एक शब्दही बदलायचा नाही. यजमान म्हणतात, कोर्टकचेरी नको, नाव बदलून मोकळे होऊ आणि शिवनेरीचे नाव देऊ. आम्ही काय करावे?
– एक भागीदार, पुणे

उत्तर : तुम्ही पाठवलेली नोटीस, उत्पादन शुल्क विभागाचे मंजुरीपत्र आणि दोन्ही लेबले मी वाचली. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. नाव सोडू नका. मागच्या लेबलवरील ते दोन शब्दप्रयोग मात्र सोडा, आणि कोणी दावा लावण्याची वाट न पाहता सोडा. तुमचे दीर आणि यजमान दोघेही अर्धे बरोबर आहेत. पंचाईत एवढीच की जेथे लढायला हवे तेथे यजमान माघार घेऊ पाहत आहेत आणि जेथे माघार घ्यायला हवी तेथे दीर लढू पाहत आहेत.

दिरांचा मुद्दा आधी घेतो, कारण मद्याच्या धंद्यातील बहुतेक लहान उत्पादक याच समजुतीवर विसंबून असतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आणि त्याखालील नियमांनुसार उत्पादन शुल्क विभाग लेबल मंजूर करतो, तेव्हा तो परवाना कोणाचा, बाटली कोठे भरली, मद्यार्काचे प्रमाण किती, किंमत काय आणि माल कोणत्या राज्यात विकायचा हे पाहतो. मद्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय असल्यामुळे हीच बाटली गोव्यात किंवा कर्नाटकात विकायची झाली तर तेथे पुन्हा वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पण तुमचे नाव दुसऱ्या कोणाच्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते आहे काय, हा प्रश्न १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचा आहे. एखाद्या प्रदेशाचे नाव वापरण्याचा तुम्हाला हक्क आहे काय, हे भौगोलिक मानांकनाचा कायदा ठरवतो आणि त्याची नोंदवही चेन्नईच्या कार्यालयात असते. बाटलीतील पदार्थाबद्दल लेबलवर काय लिहावे आणि काय लिहू नये, हे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यविषयक विनियमांनी ठरते. ते १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. शिवाय निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकाने तक्रार कोठे करावी याचा पत्ता या गोष्टी वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या, २०११ च्या नियमांत येतात. उत्पादन शुल्क निरीक्षकाचा शिक्का यांपैकी एकाच घरचा आहे. तो बाकीच्या घरांत चालत नाही.

ही केवळ आपल्याकडची गुंतागुंत नाही. कॅलिफोर्नियातील ब्रॉन्को या मोठ्या वाइन कंपनीने २००० साली ‘नापा रिज’ हे जुने नाव विकत घेतले आणि त्या नावाखाली नापा परगण्याबाहेरच्या द्राक्षांची वाइन विकली. तिच्याजवळ अमेरिकेच्या केंद्र सरकारची लेबल मंजुरी होती, कारण जुलै १९८६ पूर्वीपासून वापरात असलेल्या नावांना केंद्रीय नियमांत सवलत होती. कॅलिफोर्निया राज्याने मात्र स्वतंत्र कायदा करून ठरवले की नावात ‘नापा’ असेल तर किमान ७५ टक्के द्राक्षे नापातलीच हवीत. कंपनीने नेमका तुमच्या दिरांचा युक्तिवाद केला : एका सरकारने मंजूर केले आहे, मग दुसऱ्याने अडवायचे कारण काय? २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. एवढी धनाढ्य कंपनी ज्या भरवशावर हरली, त्या भरवशावर जुन्नरच्या घरगुती वायनरीने बसू नये.

आता नावाकडे वळू. येथे मात्र तुमची बाजू मला बरीच भक्कम वाटते. नोटीस देणाऱ्या कंपनीची नोंदणी संपूर्ण नावाची आहे. व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १७ नुसार अनेक भागांचे मिळून बनलेले चिन्ह नोंदवले म्हणजे त्याच्या प्रत्येक भागावर स्वतंत्र मक्तेदारी मिळते असे नाही. ‘काठ’ हा शब्द कोणाच्या घरचा नाही. नदी आहे तेथे काठ आहे आणि आपल्याकडच्या निम्म्या बागा कोणत्या ना कोणत्या नदीच्या काठीच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक वाद निकाली काढला. ‘ब्लेंडर्स प्राइड’ या व्हिस्कीच्या मालकांनी ‘लंडन प्राइड’ या नावाला मनाई मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली आणि सांगितले की दोन चिन्हांची तुलना त्यांचे तुकडे करून नव्हे, तर अखंड नाव ग्राहकाच्या मनावर कसे उमटते यावरून करायची असते, आणि ‘प्राइड’सारखा सर्वसाधारण शब्द एकट्याने अडवून ठेवता येत नाही. तुमच्या उत्तराचा कणा हा निकाल असावा.

दुसरा प्रश्न आधी कोण, हा. नोटिशीत त्यांच्या अर्जाची तारीख २०२२ मधली दिली आहे, पण नाव बाजारात केव्हापासून आहे याबद्दल अवाक्षर नाही. इतक्या सविस्तर नोटिशीतील हे मौन मला अपघाती वाटत नाही. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांचा अर्ज कोणालाही पाहता येतो. त्यात वापराचा रकाना काढून पाहा. तेथे ‘प्रस्तावित वापर’ असे लिहिले असेल, किंवा तुमच्या पहिल्या विक्रीनंतरची तारीख असेल, तर कलम ३४ चे संरक्षण तुम्हाला मिळते. कारण त्यांचा वापर आणि त्यांची नोंदणी या दोहोंच्या आधीपासून जो प्रामाणिकपणे आणि सलगपणे नाव वापरत आहे, त्याला नोंदणीकृत मालकही अडवू शकत नाही. यासाठी २०२१ ची पहिली विक्री बिले, वाहतूक परवाने, लेबल छापणाऱ्या मुद्रकाचे बिल आणि दुकानदारांची मागणीपत्रे एकत्र करा. मामंजींनी नाव सुचवल्याची घरातली आठवण कितीही खरी असली तरी न्यायालयात मुद्रकाचे बिल तिच्यापेक्षा मोठे ठरते.

तुम्ही पत्रात ओघात लिहिले आहे की दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका प्रदर्शनात तुमचा आणि त्यांचा स्टॉल एकाच रांगेत होता. ही गोष्ट ओघात सोडून देण्यासारखी नाही. स्कॉच व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीच्या नावाला आव्हान दिले होते. ते नाव वापरात असल्याचे संघटनेला १९७४ पासून ठाऊक होते आणि अर्ज केला १९८६ मध्ये. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या दीर्घ स्वस्थतेमुळे निकाल भारतीय कंपनीच्या बाजूने दिला. तुमच्या प्रकरणातील दोन वर्षे तेवढी नाहीत, आणि कायद्यातील मूक संमतीच्या तरतुदीला सलग पाच वर्षे लागतात. तरीही जो माणूस दोन वर्षे पाहत राहिला, त्याने एकाएकी तातडीचा मनाई हुकूम मागितला तर न्यायाधीश त्याला पहिला प्रश्न हाच विचारतात. स्टॉलच्या भाड्याची पावती आणि प्रदर्शकांची छापील यादी शोधून ठेवा.

तुमच्या बाजूचे दुखरे ठिकाणही सांगायला हवे. दोघांचा माल एकच, म्हणजे वाइन. दुकानातील फळीही तीच. आणि तुमच्या दर्शनी लेबलवर निळ्या रंगाची लाट आहे, तशीच निळी रेघ त्यांच्याही लेबलवर आहे. नाव वेगळे असूनही रूप सारखे असले तर नोंदणीच्या वादाच्या बरोबरीने ‘आपला माल त्यांचा म्हणून खपवला’ हा आरोप उभा राहतो. म्हणून नाव ठेवा, पण लाट काढा, किंवा निदान तिचा रंग आणि जागा बदला. हे उत्तरात कबुली म्हणून लिहायचे नाही. पुढच्या छपाईत आपण होऊन करायचे आहे.

नोटिशीतील सात दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही, ती वकिलाने घातलेली आहे; मात्र उत्तर न देणे चूक ठरेल. व्यापारचिन्हांचे काम करणाऱ्या वकिलामार्फत उत्तर द्या. तोपर्यंत कंपनीच्या कोणाशीही फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर बोलू नका आणि ‘प्रकरण मिटवू’ म्हणून पाठवलेल्या कोणत्याही हमीपत्रावर सही करू नका. सोबतच शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, तसेच त्या कंपनीचे कार्यालय जेथे आहे तेथील न्यायालयात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आधी आमचे ऐका’ असा अर्ज, दाखल करा, कारण व्यापारचिन्हाच्या दाव्यात वादीला आपल्या व्यवसायाच्या ठिकाणीही दावा लावता येतो. कॅव्हेट ९० दिवस टिकते आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम होण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. निराधार धमकीविरुद्ध कलम १४२ खाली तुम्हीच उलट दावा लावावा, असे कोणी सुचवील. मी सुचवणार नाही. त्यांनी दावा दाखल केला की त्या कलमातला जोर जातो आणि तुमचा खर्च तेवढा वाढतो. तातडीचा दिलासा न मागता व्यापारी दावा लावायचा असेल, तर आधी मध्यस्थीची पायरी चढणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या टेबलावर बसण्याची वेळ आली तर जरूर बसा. २५ लाखांच्या आकड्याने घाबरू नका. नोटिशीत आकडा लिहायला पुरावा लागत नाही, भरपाई मिळवायला लागतो.

आता मागचे लेबल. त्यावरचा मजकूर असा आहे : ‘नाशिक व्हॅलीच्या निवडक शिराझ द्राक्षांपासून शॅम्पेन पद्धतीने तयार. हंगाम २०२३.’ बाटलीच्या मानेला बांधलेल्या टॅगवर आणखी एक ओळ आहे : ‘रोज एक ग्लास, हृदयाचा मित्र.’ मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा कोणत्या ना कोणत्या कायद्याला अडखळतो.

‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नोंदणीकृत भौगोलिक मानांकन आहे. दिरांचे म्हणणे की निम्मी द्राक्षे निफाडहून आणली आहेत, मग खोटे काय? पण हे मानांकन द्राक्षांचे नसून वाइनचे आहे, आणि ज्यांची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदवहीत नोंद झाली आहे अशा त्या क्षेत्रातील उत्पादकांसाठीच ते आहे. तुमची वायनरी पुणे जिल्ह्यात आहे आणि तशी नोंदही तुमच्याजवळ नाही. खोटे भौगोलिक मानांकन वापरून माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. द्राक्षे खरोखर निफाडची असतील तर साध्या वाक्यात लिहा : ‘निफाड (जि. नाशिक) व जुन्नर (जि. पुणे) तालुक्यांतील द्राक्षांपासून जुन्नर तालुक्यात तयार.’ त्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. जुन्नर तालुक्यातल्याच नारायणगावात १९८० च्या दशकातच शातो इंडाज या कंपनीने फेसाळ वाइन बनवली होती. जुन्नरच्या वाइनला नाशिकचे नाव उसने घ्यावे लागावे, हेच मला थोडे खटकते.

‘शॅम्पेन पद्धतीने’ हा शब्दप्रयोग अधिक फसवा आहे, कारण तो खरा असू शकतो. दुसरे किण्वन तुम्ही बाटलीतच करता, म्हणजे पद्धत तीच आहे. तरीही तो चालत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक कराराचे अनुच्छेद २३ वाइन आणि मद्याला बाकी मालापेक्षा जास्त संरक्षण देते. ‘अमुक प्रकारची’ किंवा ‘अमुक शैलीची’ असे जोडून, खरे मूळस्थान शेजारी छापले तरी, दुसऱ्याचे प्रादेशिक नाव वापरता येत नाही. शॅम्पेन हा फ्रान्समधील प्रदेश असून त्या नावाची भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदणी आहे. या नावाबद्दल तेथील लोक किती हळवे आहेत, याची कल्पना यावी म्हणून सांगतो : शॅम्पेनच्या हद्दीत कोणती गावे धरायची यावरून १९११ मध्ये फ्रान्समध्ये बागायतदारांनी वाइनच्या वखारी फोडल्या आणि सरकारला सैन्य पाठवावे लागले. १९६० साली इंग्लंडच्या न्यायालयाने ‘स्पॅनिश शॅम्पेन’ हे नाव बंद केले. ‘स्पॅनिश’ हा शब्द ठळक असूनही ग्राहकाची दिशाभूल होते, असे तेथे ठरले. आणि तुमच्याशी सर्वांत मिळतेजुळते प्रकरण जर्मनीतले आहे. मोझेल भागातील द्राक्ष उत्पादकांची एक संघटना आपल्या फेसाळ वाइनवर ‘शॅम्पेन पद्धत’ या अर्थाचे फ्रेंच शब्द छापत असे. युरोपीय समुदायाने ते शब्द शॅम्पेन प्रदेशापुरते राखून ठेवले, तेव्हा ही संघटना न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९९४ मध्ये हरली. तेव्हापासून जगभर बहुतेक प्रामाणिक उत्पादक ‘पारंपरिक पद्धत’ असे लिहितात. तुम्हीही ‘पारंपरिक पद्धतीने, दुसरे किण्वन बाटलीत’ असे लिहा. जाणकार ग्राहकाला त्यातून सगळे कळते.

वाणाबद्दल : तुमच्या बॅच नोंदीनुसार या वाइनमध्ये शिराझबरोबर कॅबरने सोव्हिन्योंही आहे. आपल्या विनियमांनुसार वाइनच्या लेबलवर मूळस्थान, साखरेची श्रेणी आणि वापरलेल्या द्राक्षवाणांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. म्हणून ‘शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों’ अशी दोन्ही नावे छापा. पुढेमागे निर्यातीचा विचार असेल तर लक्षात ठेवा की एकाच वाणाचे नाव लावायला अमेरिकेत त्या वाणाची किमान ७५ टक्के आणि युरोपीय संघात ८५ टक्के द्राक्षे लागतात. हंगामाच्या वर्षासाठीही युरोपात ८५ टक्क्यांचीच अट आहे. तुम्ही २०२३ च्या टाकीत २०२२ चा उरलेला साठा मिसळला आहे. किती मिसळला ते नोंदीवरून काढा आणि मगच वर्ष छापायचे की नाही ते ठरवा.

मानेवरचा टॅग आजच काढून टाका. मद्याबद्दल आरोग्याचा कोणताही दावा करण्यास विनियमांनी मनाई केली आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चुकीच्या लेबलासाठी तो तीन लाखांपर्यंत आहे. तुमच्या नोटिशीत या टॅगचा उल्लेख नाही, म्हणजे तो त्यांच्या नजरेतून सुटला आहे. तो त्यांना सापडेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. हे लेबल हातात असतानाच मी वैधानिक इशाऱ्याची अक्षरे पट्टीने मोजली. ती जेमतेम दोन मिलिमीटर भरतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर ती किमान तीन मिलिमीटर उंचीची हवीत. सल्फाइटचा उल्लेख आहे, तो योग्य आहे. प्रतिकिलो १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास तो करावाच लागतो. अंतिम मुदतीची तारीख नाही म्हणून एका दुकानदाराने हुज्जत घातल्याचे तुम्ही लिहिले आहे; वाइनला ती लागत नाही, हे त्याला सांगा.

एक गोष्ट मात्र यापुढे कधीही ढिली सोडू नका, ती म्हणजे गाळपाची नोंदवही. निफाडहून आलेल्या प्रत्येक गाडीची काटा पावती, बागायतदाराचे नाव, वाण, वजन, ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) आणि ते द्राक्ष कोणत्या टाकीत गेले याची सलग साखळी कागदावर असली पाहिजे. लेबलवरचा शब्द खरा की खोटा, हे शेवटी या वहीवरून ठरते. दक्षिण फ्रान्समधील काही व्यापाऱ्यांनी ‘पिनो न्वार’ या महागड्या वाणाची वाइन म्हणून अमेरिकेतील गॅलो कंपनीला वर्षानुवर्षे स्वस्त मेर्लो आणि सिराह विकली. चव घेऊन ही लबाडी कोणाच्या ध्यानात आली नाही. हिशेब तपासणाऱ्यांना दिसले की त्या प्रदेशात जेवढी पिनो न्वार पिकते, त्याहून जास्त विकली जात आहे, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कार्कासॉनच्या न्यायालयात बारा जणांना शिक्षा झाली. तुमच्याकडे लबाडी नाही, हे मला दिसते. पण ‘निम्मी द्राक्षे निफाडची’ हे वाक्य सिद्ध करायला तुम्ही मला ज्या पावत्या पाठवल्या आहेत, त्यांतल्या दोनवर वाणच लिहिलेला नाही.

शिल्लक मालाचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो उद्या येणारच. कंपनी म्हणते म्हणून एकही बाटली नष्ट करू नका. वायनरीत असलेल्या बाटल्या आहेत तेथेच थांबवा, सुधारित लेबलासाठी उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करा आणि मंजुरी मिळाल्यावर मागचे लेबल बदला. रातोरात चिकटपट्ट्या लावून शब्द झाकण्याचा उद्योग करू नका. मंजूर लेबलात विनापरवानगी केलेला बदल हा स्वतंत्र गुन्हा होऊन बसेल. दुकानांत गेलेला माल वितरकामार्फत, योग्य वाहतूक परवान्यावर परत घेता येईल तेवढा घ्या. टॅग असलेल्या बाटल्या आधी. यजमानांना हा खर्च जड वाटेल, पण अन्न व औषध प्रशासनापुढे जाण्याची वेळ आली तर तक्रार होण्यापूर्वी केलेली दुरुस्ती दंड ठरवताना तुमच्या बाजूने बोलते.

शिवनेरीच्या नावाबद्दल माझे उत्तर नाही असे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि प्रतिमा व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मनाई आहे. गडाचे नाव त्या यादीत नसले, तरी मद्य विकणाऱ्या आस्थापनांच्या फलकांवर महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे नकोत, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतलेला आहे. तो निर्णय फलकांपुरता आहे, बाटलीला लागू नाही, असा युक्तिवाद एखादा वकील करील. पण जुन्नर तालुक्यात राहून हा युक्तिवाद करत बसण्याची हौस कोणालाही नसावी. एका वादातून सुटण्यासाठी त्याहून पेटणारा वाद घरात आणण्यासारखे ते होईल.

त्याऐवजी जे २०२१ मध्येच करायला हवे होते, ते या महिन्यात करा : मामंजींनी ठेवलेल्या संपूर्ण नावाच्या नोंदणीसाठी मुंबईच्या व्यापारचिन्ह कार्यालयाकडे वर्ग ३३ मध्ये (यात वाइन येते) ऑनलाइन अर्ज करा. वायनरीचे उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, असेल तर शुल्क ९,००० ऐवजी ४,५०० रुपये पडते. अर्जात वापराची तारीख पहिल्या बिलावर आहे तीच लिहा, एक दिवसही मागे ओढू नका आणि ती बिले प्रतिज्ञापत्राबरोबर जोडा. समोरची कंपनी अर्ज जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घेईल, हे गृहीत धरा. नोटिशीच्या उत्तरासाठी जी कागदपत्रे जमवाल तीच तेव्हा लागतील, म्हणून त्यांचे दोन संच काढा. एक वकिलांकडे आणि एक कोथरूडच्या घरी ठेवा.